दिवे पुसायचा शहाणपणा

दिवे पुसायला मला कुणीही सांगितलं नव्हतं. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढे आमच्या घरात हा मुद्दा बराच चघळला गेला.

वाचनालयाच्या नाट्यमंडळात आमची ही कित्येक वर्षं प्रॉम्प्टर आहे. म्हणजे विंगेतल्या स्टुलावर बसून वाक्यं हिने कुजबुजायची आणि टाळ्या दुसऱ्यांनी घ्यायच्या. यंदा आईचं काम करणाऱ्या बाईंचा गुडघा ऐन वेळी रुसला आणि ती भूमिका हिच्याकडे आली. शेवटच्या प्रवेशात लांबलचक स्वगत. रिकाम्या घरात आई एकटी उभी राहते आणि निघून गेलेल्या मुलाशी बोलते. त्यासाठी हवा होता एक शांत, पिवळा उजेड. मंडळाकडे होत्या दोन ट्यूबलाइट, त्यातली एक आजारी.

दिवे मेहुण्याने दिले. पूर्वी त्याचा ऑर्केस्ट्रा होता. आता तो विमा विकतो, पण स्टेजचे जुने एलईडी दिवे त्याने माळ्यावर जपून ठेवले होते.

"भावोजी, सगळं सेट करून दिलंय. पिवळा लागेल. नुसता प्लग लावा, बाकी कशाला हात लावू नका."

('हात लावू नका' ही सूचना मला नेहमीच इतरांसाठी असावीशी वाटते.)

दिव्यांवर धूळ होती. मी जुना टूथब्रश घेऊन बसलो. पुसता पुसता मागच्या बाजूला बारीक पांढऱ्या बटणांची एक ओळ दिसली. काही वर, काही खाली, जशी काही पडक्या दातांची कवळी. ज्याच्या कपाटातल्या हँगरची तोंडं एकाच दिशेला असतात, त्या माणसाला हे बघवत नाही. मी काडीने सगळी बटणं वर सारली. चारही दिव्यांची. जिवाला बरं वाटलं.

तालमीत दिवे लावले, तर उजेड पिवळ्याऐवजी पांढराशुभ्र.

"बघा, किती धूळ होती!" मी म्हणालो.

ही मध्यभागी येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाळा, दार उघडंच ठेवलंय रे..." आणि दिवे लाल झाले. मग हिरवे. मग निळे. आई मुलाशी नव्हे, सिग्नलशी बोलतेय असं वाटत होतं.

आमचे दिग्दर्शक दातांचे डॉक्टर आहेत. ते मागच्या रांगेतून ओरडले, "वहिनी, आवाज पोचत नाही. प्रॉम्प्टिंग नाहीये हे, मोठ्याने!"

ही मोठ्याने बोलली. दिवे पिसाळले.

"रविवारच्या तालमीपर्यंत ही लुकलुक थांबली नाही," डॉक्टर डोळे चोळत म्हणाले, "तर स्वगत काढून टाकू. मुळासकट." (काढून टाकण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही.)

घरी येऊन हिने पानं घेतली. जेवताना म्हणाली, "अहो, मी बोलले की ते लुकलुकतात."

"प्रत्येक गोष्ट स्वतःवर ओढवून घ्यायची तुझी सवय आहे. हा विजेचा प्रश्न आहे."

"पण मी कुजबुजले तेव्हा..."

"भाजी वाढ."

मी प्रश्न पद्धतशीर हाताळायचा ठरवला. नीट तपासणीसाठी शांतता लागते, म्हणून ऑफिसातून लवकर सुटून रोज रिकाम्या हॉलमध्ये जाऊ लागलो. ही सोबत यायची. पंखे बंद, फोन बंद, आणि हिला तोंडावर बोट ठेवून खुर्चीत बसवलेलं. वायर बदलली. दिवे स्थिर! प्लग आवळला. स्थिर! एक्स्टेन्शन बोर्ड दुसऱ्या भिंतीला नेला. स्थिर! दर वेळी मी म्हणायचो, "हं, आता म्हण स्वगत." ही म्हणायची आणि दिवे नाचायचे. म्हणजे दोष अजून सापडलेला नाही, हे मी ओळखायचो आणि पुढची वायर सोडायला घ्यायचो. कंबर धरली, बोटांना चटके बसले, डोळे मिटल्यावरही लाल-हिरवं दिसू लागलं.

"अहो, एकदा माझं ऐकता का?"

"थांब, आता अर्थिंग बघतो."

शनिवारी मला वाटलं, जिंकलो. दिवे बराच वेळ निश्चल होते. वॉचमन दारातून बघत होता, त्याने कौतुकाने टाळ्या वाजवल्या. दिवे भडकले.

"पाहिलंस? टाळ्यांनी फळ्या हादरतात," मी म्हणालो. "कनेक्शन सैल आहे."

मी दिव्यांखाली जुने टॉवेल घातले. हिने कपाळावर हात मारला. त्याचाही आवाज झाला असावा, कारण एक दिवा निळा झाला.

रविवारी सकाळी, तालमीला लोक जमायच्या आधी, ही सरळ जाऊन दिव्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आता तुम्ही बसा. तोंडावर बोट."

मी बसलो.

हिने पहिलं वाक्य कुजबुजत म्हटलं. दिवा स्थिर. मग आवाज चढवून म्हणाली, "ओला टॉवेल गादीवर!" दिवा लाल. "चष्मा फ्रिजमध्ये!" हिरवा. "माझ्या आईला स्टेशनवर विसरून आलात!" निळा, आणि बराच वेळ निळाच.

"योगायोग असू शकतो," मी म्हणालो. दिवा लाल झाला.

हिने भावाला फोन लावून स्पीकरवर टाकला. सगळं ऐकून तो म्हणाला, "अगं ताई, त्यात माइक असतो. ढोलकीच्या ठेक्यावर नाचायचे ते आमच्याकडे. शेवटचं बटण खाली असलं की नाही नाचत. मी खालीच ठेवलं होतं. वर कुणी केलं?"

मी गप्प राहिलो. दिवाही अगदी स्थिर होता.

प्रयोग झाला. मेहुण्याने फोनवरून सांगितली तशी बटणं हिने वेडीवाकडी केली होती. (मी तिकडे बघत नव्हतो.) पिवळ्या उजेडात ही उभी राहिली आणि विंगेत इतकी वर्षं दाबून ठेवलेला आवाज हिने मोकळा सोडला. "बाळा, दार उघडंच ठेवलंय रे." मागच्या रांगेत कुणीतरी नाक ओढल्याचं ऐकू आलं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. दिवा तसूभर हलला नाही. स्टूल रिकामं होतं, म्हणून मी त्यावर बसून घेतलं. पाय दुखत होते. खरं तर दुसऱ्याच कारणाने बसलो होतो, पण पाय दुखतच होते.

घरी येताना वाटलं, निदान दिव्यांबद्दल तरी दोन शब्द येतील. विचारलं, "उजेड कसा होता?"

"छान होता." कुलूप उघडता उघडता म्हणाली, "इतक्या वर्षांत माझं बोलणं ऐकून कुणी हललं असेल, तर ते दिवे. तेही तुम्ही दुरुस्त केलेत."

तीन दिवे मेहुण्याला परत गेले. चौथा जेवणाच्या टेबलाशेजारी आहे, शेवटचं बटण वर करून. काल मी पेपर वाचत होतो. ही म्हणाली, "अहो, ऐकलंत का?" आणि भिंत लाल झाली. या वेळी मी शहाण्यासारखा पेपर खाली ठेवला आणि म्हणालो, "बोल, ऐकतोय."

"तुम्ही वाचा," ही म्हणाली. "मी त्याच्याशी बोलतेय."