साहेबांचा पाय

घोडा लंगडतोय हे आधी सुनेच्या लक्षात आलं. कपडे वाळत घालताना तिनं तबेल्याकडे पाहिलं आणि घरात हाक मारली, "बाबा, साहेब पाय टेकवत नाहीयेत."

घोड्याला साहेब हे नाव सासूबाईंनी ठेवलं होतं. कामाची वेळ झाली की तो तोंड फिरवून उभा राहायचा म्हणून. एकदा जुंपला की मात्र बागेभोवती मुलांना फिरवायची गाडी तो इमानानं ओढायचा. उन्हाळ्यात सासूबाई गेल्या. तेव्हापासून म्हातारा हूं आणि नको एवढंच बोलत असे, आणि घोड्याला नुसता चारा टाकून परत येत असे.

मुलानं नालबंदाला बोलावलं. "पुढचा डावा," नालबंद म्हणाला. "नाल टोचतोय त्याला." त्यानं जुना नाल उपटून नवा ठोकला. साहेब चार पावलं ऐटीत चालले आणि मग मागचा उजवा उचलून उभे राहिले.

"आता हा?" मुलानं विचारलं.

"हा माझ्या अंगावर टाकू नका. मी याला हातसुद्धा लावला नाही," असं म्हणून नालबंदानं पिशवी उचलली.

मग गुरांचा डॉक्टर आला. त्यानं चारही खूर दाबले, सांधे वाकवले, एक सुई टोचली आणि हात धुऊन टाकले. "सूज नाही, जखम नाही, ताप नाही. मला काही सापडत नाही."

"मग लंगडतो कशानं?"

"ते त्यालाच विचारा." तेवढ्यात साहेबांनी पुढचा उजवा वर घेतला, तेव्हा डॉक्टरही घाईनं निघाला.

"किती दिवस उभा ठेवून पोसायचा?" मुलगा वडिलांना म्हणाला. "उद्या व्यापारी येईल. देऊन टाकू."

"नेऊन काय करतो तो?" सुनेनं विचारलं. मुलानं मोबाइलमध्ये डोकं घातलं. लंगड्या घोड्याचं पुढे काय होतं, हे तिघांनाही ठाऊक होतं. म्हातारा उठला आणि तबेल्यात गेला.

कोनाड्यात सासूबाईंची तेलाची वाटी होती, तळाशी धूळ धरलेली. रोज संध्याकाळी ती तिथल्या स्टुलावर बसून घोड्याचे पाय चोळायची आणि दटावायची, "झालं का नाटक?" म्हातारा स्टुलावर बसला. तेल ओतून त्यानं पुढचा डावा पाय मांडीवर घेतला. मग तिचंच वाक्य म्हणून पाहिलं, पण ते अर्ध्यावरच राहिलं. "ती आता यायची नाही रे," तो म्हणाला. "मलाही अजून खरं वाटत नाही." साहेबांनी त्याच्या खांद्यावर मान टेकली. म्हातारा पोटभर रडला. तिला पोहोचवून आल्यापासून तो रडलाच नव्हता.

सकाळी व्यापाऱ्यासमोर साहेब चारही पायांवर ताठ उभे होते. व्यापारी रिकाम्या हातानं परत गेला. नालबंद म्हणाला, नालाचा गुण. डॉक्टर म्हणाला, सुईचा. मुलानं दोघांचंही खरं मानलं.

संध्याकाळी म्हातारा पायरी चढताना थांबला. "गुडघा धरलाय," तो म्हणाला. घरातल्यांशी तो बऱ्याच दिवसांत एका दमात एवढंही बोलला नव्हता.

"कुठला?"

"डावा." सुनेनं तेल कोमट करून गुडघा चोळून दिला. दुसऱ्या दिवशी त्यानं उजवा पाय पुढे केला. तिनं एकदा खिडकीतून तबेल्याकडे पाहिलं, एकदा सासऱ्याकडे, आणि वाटी घेऊन खाली बसली.

"झालं का नाटक?"

म्हातारा हसला. हसता हसता डोळे पुसू लागला. मुलगा कधीचा दारात उभा होता, ऑफिसची बॅग खांद्यावर तशीच. आईचं वाक्य ऐकून त्याच्या हातातला मोबाइल खाली गेला होता. तो आत आला आणि वडिलांशेजारी जमिनीवर बसला.

"माझीही पाठ जरा धरलीय," तो म्हणाला.

सुनेनं वाटीत आणखी तेल ओतलं.