अच्युतराव धोपेश्वरकर तलावात उतरले ते वर्तमान

श्रीजलदेवता समर्थ. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, राज्यात जे जाहले ते जैसे कानी आले आणि जैसे काठावर उभे राहोन पाहिले, तैसे लिहिले आहे. वाचणारांनी टॉवेल जवळ ठेवोन वाचावे.

ते राज्य डोंगराचे कुशीत, मध्ये थोर तलाव, आणि लोक मोठे हौशी. दिवसा दुकाने, शाळा, कचेऱ्या सांभाळाव्या, आणि पहाटे उठोन पोहावे, मग सायकल हाकावी, मग धावावे, ऐसा तिहेरी नाद त्या प्रांती लागला होता. त्यास ट्रायथलॉन म्हणत, आणि दरसाल हिवाळ्यात तलावाचे काठी त्याची मोठी मोहीम होई. हौशी फौजेच्या सरनोबत सुलभाबाई तांडेल, खाडीकाठच्या, पाण्यातच वाढलेल्या, आवाज ऐसा की पलीकडचे काठी चरत्या म्हशी मान वर करीत. त्या फौजेत अच्युतराव धोपेश्वरकर म्हणोन चष्म्यांचे दुकानदार होते. वय पन्नाशीचे, पाय पोलादी, सायकलीवर घाट चढो लागले म्हणजे तरणे गडी मागे राहत. शहरचे जलतरण तलावात पोहणेही उत्तम. परंतु तेथे तळाशी निळ्या फरशीवर काळी रेघ होती, आणि राव त्या रेघेवर नजर ठेवोन पोहत.

मग आश्विनात सरनोबतांनी हुकूम केला, "फरशीवरचे पोहणे पुरे. आता मोठे पाणी." आणि रविवारी प्रातःकाळी फौज काठी जमा जाहली, डोईस रंगीत टोप्या घातल्या, कमरेस नारिंगी फुगे बांधिले, आणि सारे उतरले. अच्युतरावही उतरले, थोडके अंतर गेले, आणि खाली पाहतात तो रेघ नाही, फरशी नाही, तळच नाही, हिरवा अंधार मात्र. छातीत धडकी भरली, श्वास आखूड जाहला, आणि राव फुग्यास मिठी मारोन माघारी आले. काठी त्यांचे कुटुंब विशाखाबाई उभ्या होत्या. त्यांनी पुसिले, "अहो, इतक्यात?" राव बोलिले, "पाणी गार आहे." दात वाजत होते, परंतु पाणी गार नव्हते हे उभयतांस ठाऊक होते. पुढील रविवारी तेच जाहले, त्यापुढील रविवारीही तेच, तेव्हा राव खिन्न होऊन सरनोबतांस म्हणाले, "बाई, माझे नाव काढा. पन्नास वर्षांचा घोडा भितो, हे चारचौघांत किती दिवस दाखवू?" सरनोबत हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अच्युतराव, तलावास तळ असतोच. तो तुम्ही पाहिलाच पाहिजे ऐसा कोणाचा हुकूम नाही. भीती राहू द्या, पण तिला सोबत द्या."

आणि सोबतीस नजमाबी मुजावर दिधल्या. या शाळेत गणित शिकवीत, पोहण्यात फौजेत अव्वल. गतसाली पहिले निशाण थोडक्यात हुकले, म्हणोन यंदा ते घेणारच ऐसी त्यांची जिद्द होती. त्या बोलिल्या, "भाऊ, खाली बघू नका. माझी गुलाबी टोपी बघा." मग दर रविवारी गुलाबी टोपी शेजारी, दुसरे बाजूस आणखी एक गडी, आणि मध्ये राव, ऐसे तिघे एका रांगेत पोहो लागले, आणि रावांस पलीकडे वळणाची खूण म्हणोन बांधिलेल्या थोर पिवळे फुग्यापावेतो जाता येऊ लागले. परंतु टोपी जरा पुढे गेली की जीव घाबरा होई. आणि मोहिमेचे दिवशी टोपी पुढे जाणारच होती.

तो दिवस मार्गशीर्षात उगवला. पाण्यावर धुके, काठावर ढोल, पोह्यांचा वास, आणि लोकांची दाटी. भोंगा वाजला आणि सारी फौज पाण्यात कोसळली, फेस उसळला, कोणाची लाथ कोणास लागली, आणि पाहता पाहता नजमाबी दिसेनाशा जाहल्या. राव एकटे राहिले. डोळे मिटोन हात मारावे, मान काढोन पिवळा फुगा पाहावा, पुन्हा डोळे मिटावे, ऐसे करीत निम्मे पाणी गेले, आणि मान काढितात तो समोर गुलाबी टोपी, जागचे जागी! नजमाबींचे पोटरीत गोळा आला होता, तोंड पांढरे पडले होते, नाकातोंडात पाणी गेले होते, कमरेचा फुगा गर्दीत सुटोन गेला होता. रावांनी आपला फुगा त्यांचे हाती दिधला आणि एक हात उंच करोन राखणीचे होडीस हाका मारिल्या. होडी दूर होती. नजमाबी म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही जा. पोहोन निघण्याची नेमिली मुदत टळेल, बाद व्हाल." राव बोलिले, "बाई, गप्प उताण्या व्हा. शाळेत पोरांना गप्प करता ना, तैसे." आणि पाय धरोन अंगठा हळूहळू ओढो लागले, आणि त्यांचे चित्त दुसरीकडे वळावे म्हणोन दुकानाची गोष्ट काढिली, की एक गृहस्थ कपाळावर चष्मा ठेवोन चष्मा हरवला म्हणोन आले, आणि नवा घेऊन दोन्ही लावोन गेले. नजमाबी ऐशा वेदनेतही खुदकन हसल्या. मग होडी आली, बाईंनी होडीची कड धरोन दम घेतला, गोळा उतरला, परंतु होडीत बसेनात. म्हणाल्या, "बाद तर बाद, पोहोनच जाईन." मग दोघे शेजारी शेजारी सावकाश पोहत किनाऱ्यास आले, सर्वांमागून, मुदत टळल्यावर. पंचाने दोघांचे पायीचे वेळ मोजणारे पट्टे सोडविले आणि सायकली जागीच राहिल्या. नजमाबींचे डोळे भरले. त्या म्हणाल्या, "माझ्यापायी तुमचेही गेले, भाऊ." सरनोबत धावत आल्या, दोघांस कवेत घेतले, आणि पुसिले, "अच्युतराव, मधल्या पाण्यात इतका वेळ उभे होता. भय वाटले?" राव म्हणाले, "अरेच्चा! विसरलोच की." आणि मोठ्याने हसले, आणि नजमाबीही डोळे पुसत हसल्या, आणि पंचासही हसू आवरेना.

बाकीचे स्वार सायकलींवर दौडत गेले, तेव्हा काठ रिकामा जाहला, धुके निवळले, आणि अच्युतराव कोणास न सांगता पुन्हा पाण्यात शिरले. या खेपेस शेजारी कोणी नव्हते. मधोमध गेले, मुंडी खाली घातली, आणि उघड्या डोळ्यांनी तो हिरवा अंधार पोटभर पाहिला. विशाखाबाई काठावरोन ओरडत होत्या, "अहो, पोहे गार होताहेत!" राव हात हलवीत आणि आणखी पुढे जात.

सारांश, त्या साली मोहिमेत अच्युतरावांचे नावापुढे बाद ऐसी नोंद जाहली, आणि त्या दिवशी तलावातोन सर्वांत उशिरा, सर्वांत खुशीने, तेच बाहेर आले.