थेम्स आज किती बोटं?

आरवाडेकाकू रोज सकाळी आठ वाजता आमच्या गल्लीतल्या नऊही घरांना बोटं दाखवतात. नदी दोन बोटं चढली तर दोन, हाताची पाठ समोरच्याकडे करून. इंग्लंडात ही चक्क शिवी आहे, असं मी त्यांना समजावून पाहिलं. "नदीच चढलीय दोन बोटं, मी काय करू?" काकू म्हणाल्या. समोरचा ऐंशी वर्षांचा डेरेक मात्र या शिवीची दार उघडून वाट बघत असतो.

काकू मूळच्या सांगलीच्या. पावसाळ्यात पाणी किती फुटांवर आहे, हे सांगलीचा माणूस झोपेतसुद्धा सांगतो. लग्न करून थेम्सकाठच्या मेडनहेडला आल्या, लायब्ररीच्या काउंटरवर तीस वर्षं बसल्या आणि पुरावरचं तिथलं प्रत्येक पुस्तक त्यांनी वाचून काढलं. आता काका नाहीत, मुलगा टोरोंटोला.

गल्लीच्या टोकाला नदीत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत. तिथं काकूंनी खडूनं खुणा केल्यात, प्राचीन इजिप्तमध्ये नाईलकाठी कोरायचे तशा. माप हातांत. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, इजिप्तच्या हिशोबानं एका हाताची अठ्ठावीस बोटं. काकू अंगानं लहानखुऱ्या, त्यामुळे त्यांच्या मापानं थेम्स नेहमी जरा जास्तच भरते. मी एकदा माझा हात लावला तर पूर वीतभर कमी झाला. काकू चिडल्या. "म्हणून तर इजिप्तचे लोक राजाचाच हात माप धरायचे. ज्यानं त्यानं आपला हात लावला तर राज्य बुडेल."

पहाटे व्याधाचा तारा दिसू लागला की इजिप्तचे लोक नाईलच्या पुराची तयारी करत. मेडनहेडच्या ढगांत व्याध कुठला दिसायला? काकू नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या ऑक्सफर्डच्या मैत्रिणीला फोन करून तिकडचा पाऊस विचारतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी सांगितलं, "उद्या दुपारच्या आत गाड्या चढावर नेऊन लावा." आम्ही मनात हसलो, पण लावल्या. दुसऱ्या दिवशी चार वाजता गल्लीत पोटरीपर्यंत पाणी होतं. तेव्हापासून मी त्यांना मानतो.

म्हणूनच यंदा जानेवारीत भर पावसात त्यांना दारोदार फिरताना पाहून मला वाईट वाटलं. मी सॉफ्टवेअरचा माणूस. एका शनिवारी गल्लीतल्या सगळ्यांच्या फोनवर नदीच्या पातळीचे अलर्ट लावून दिले.

"काकू, आता भिजत फिरायला नको. सगळ्यांना ऑटोमॅटिक कळेल."

"छान केलंस हो," त्या म्हणाल्या.

पाच दिवस काकू आल्या नाहीत. अलर्ट अगदी वेळेवर येत होते. सहाव्या दिवशी डेरेकनं मला रस्त्यात गाठलं. "तुझ्या आंटीला बरं नाही का?" मी ऑफिसची ट्रेन सोडून दिली आणि काकूंकडे गेलो.

नदी मोजायला त्या जातच होत्या. टेबलावरच्या वहीत रोजची नोंद होती.

"मग सांगायला का येत नाही?"

"फोन सांगतो की." वही मिटून त्या म्हणाल्या, "पूर्वी कैरोत एक माणूस असायचा. रोज सकाळी घरोघरी जाऊन नदी किती चढली ते सांगायचा. ते वाचून मला फार बरं वाटलं होतं बघ. सांगलीत 'हाय का कोण घरात?' म्हणून दार ढकलता येतं. इथं कामाशिवाय बेल कशी वाजवायची? हे गेल्यावर आठवडाच्या आठवडा मी कुणाशी बोलत नव्हते. मग नदी मोजायला लागले."

"अलर्ट मीटरमध्ये येतो, काकू," मी म्हणालो. "डेरेकला ते कळत नाही."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता बेल वाजली. "तीन बोटं उतरली," काकू म्हणाल्या आणि सवयीनं पुढच्या घराकडे वळल्या.

"काकू, आत या. चहा टाकलाय."

त्या थबकल्या. चार हिवाळे ही बाई माझ्या दारात भिजत उभी राहिली होती आणि ट्रेनच्या घाईत मी तिला एकदाही आत बोलावलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

काकूंनी बूट काढले, छत्री बाहेर टेकवून ठेवली. पाऊण तास बसल्या. काकांबद्दल बोलल्या, मुलाबद्दल बोलल्या, चहात आलं कमी पडलं म्हणाल्या. नदीचं नावसुद्धा काढलं नाही.