वाळिंबेबाई कॅम्प नेतात

वाळिंबेबाई रिक्षात बसायच्या आधी टायर दाबून बघतात. तिन्ही. मग ब्रेक मारून दाखवायला लावतात. मुलुंड स्टेशनबाहेर एकदा एक रिक्षावाला वैतागून म्हणाला, "मॅडम, तरबूज लेने आयी है क्या?" बाई म्हणाल्या, "टरबूज घेताना लोक जास्त बघतात रे, तेच तर चुकतं." आणि एवढं सगळं झाल्यावर आत बसून पहिलं वाक्य काय, तर, "हं, आता जरा जोरात घे. वारा लागू दे."

ह्या दोन गोष्टी एकाच बाईत कशा राहतात ते मला पुष्कळ दिवस कळत नव्हतं.

मी त्यांच्या शाळेत शिपाई. पोरी मला मावशी म्हणतात, बाई सुमन म्हणतात. माझं गाव नांदेडच्या पुढं, किनवटकडं. सातवीतून शाळा सुटली, लग्न झालं, आणि नवऱ्याच्या मागं भांडुपला आले. मुळात मी भित्री. लिफ्टला भिते, गॅसला भिते, शाळेची घंटा दोन मिनिटं उशिरा वाजली तर संस्था आपल्याला काढून टाकील म्हणून भिते.

नोकरीच्या पहिल्याच दिवशी माझ्या हातून पाण्याच्या ग्लासांचा ट्रे पडला. बोट कापलं. मला वाटलं, झालं, परत गावाला. तेवढ्यात गाइडच्या पोरींना घेऊन वाळिंबेबाई जिन्यावरून उतरल्या. गाइड म्हणजे मुलींचं स्काउट, आणि बाई त्यांच्या कॅप्टन. त्यांनी रक्त बघितलं आणि चेहरा असा उजळला, जसा काही पाहुणा आला. "पोरींनो, या गं, खरी जखम आहे." मग सगळ्या पोरींनी पाळीपाळीनं मला पट्टी बांधली. संध्याकाळी घरी गेले तेव्हा पट्टी कोपरापर्यंत आली होती. नवरा म्हणाला, "हात कुठं तोडून आलीस?" पण त्या ट्रेबद्दल मला कोणी एक शब्द बोललं नाही. बाईंनी ऑफिसात सांगितलं, प्रथमोपचाराच्या तासाला सामान लागतंच.

बाई कुठंही गेल्या की आधी बाहेर पडायची वाट शोधून ठेवतात. साडीच्या दुकानात विचारतात, मागचं दार कुठं आहे. एका लग्नात हॉलच्या दुसऱ्या दारासमोर वधूवरांचा सोफा मांडला होता, तो त्यांनी उचलून सरकवायला लावला. फोटोवाल्याची वाट लागली. नवरी रडकुंडीला आली. बाईंनी शांतपणे जेवून, तिला आहेरात एक टॉर्च दिला.

पोरींना त्या एकच सांगतात, "बघून जा. पण जा." भिंतीवर चढायचंय? विटा हलवून बघ आणि चढ. विळीवर चिरायचंय? बोटं कुठं आहेत ते बघ आणि चीर. "नुसतं बघत बसणारी आणि न बघता जाणारी, दोघी मला नकोत."

गेल्या वर्षी ह्याच्यावरच गाडी अडली. कुठल्याशा शाळेच्या सहलीत एक मुलगा कठड्यावरून पडला. फार लागलं नव्हतं, पण त्याचा व्हिडिओ सगळ्या पालकांच्या मोबाइलवर फिरला. आमच्या संस्थेचे सचिव खरेसाहेब माणूस वाईट नाही, पण मोबाइल वाजला की दचकतो. त्यांनी मुक्कामाचे कॅम्प बंद करून टाकले. बाईंचं ते निवृत्तीचं वर्ष. त्यांच्यामागं गाइड घ्यायला कोणी तयार नव्हतं. म्हणजे त्या वर्षी कॅम्प गेला नाही, तर पुढं कधीच जाणार नव्हता, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं.

खरेसाहेबांनी तोडगा काढला. "बाई, कॅम्प आपल्या हॉलमध्ये घेऊ. पंखे आहेत, सीसीटीव्ही आहे. शेकोटी स्क्रीनवर दाखवू. धूर नाही, धोका नाही."

"बरं," बाई म्हणाल्या, "मग भाकरी पण स्क्रीनवरच भाजू."

पण नुसतं टोमणा मारून थांबतील तर त्या वाळिंबेबाई कसल्या. त्यांनी मला स्टाफरूममध्ये बसवलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "सुमन, घाबर."

"काय?"

"आम्ही बदलापूरच्या पुढं एका पालकांच्या वाडीवर राहायला चाललोय. मागं टेकडी आहे. तुला कशाकशाची भीती वाटते ते सांग."

मला काय, उघडलं धरणाचं दार. विंचू, विहीर, उलट्या, ड्रायव्हर दारू प्यालेला, पोरीला पहिल्यांदाच पाळी आली तर, टवाळ पोरं, वीज. बाई एकेका भीतीवर इलाज ठरवत गेल्या. विहिरीला जाळी, ड्रायव्हर ओळखीचा, बूट झटकून घालायचे. मधेच म्हणाल्या, "झकास गं. एवढं कसं सुचतं तुला?" माझ्या भीतीचं कौतुक जन्मात कोणी केलं नव्हतं.

ही यादी बाईंनी इलाजांसकट वाचून दाखवली, तेव्हा खरेसाहेब नरमले. अटी घातल्या दोन. पोरी कुठं बाहेर पडल्या आणि परत आल्या की त्यांना फोन करायचा. आणि शाळेचं आणखी एक बाईमाणूस सोबत हवं. तिथं घोडं अडलं. कुणाची कंबर, कुणाची सासू, कुणाच्या मुलाचा क्लास. बाईंनी मला विचारलं नाही. डबा खात बसल्या होत्या. मीच म्हणाले, "मी येते," आणि मग लगेच मला घाम फुटला.

वाडीवरची पहिली रात्र नीट गेली. सकाळी बाईंनी पोरींचे दोन गट केले, मोगरा आणि शेवंती. एका वाटेनं टेकडीवरच्या देवळापर्यंत जायचं, दुसऱ्या वाटेनं उतरायचं. मोठं कोणी सोबत नाही. आदल्या दिवशी बाई स्वतः दोन्ही वाटा चालून आल्या होत्या.

शेवंतीची पुढारी तन्वी म्हणाली, "बाई, तुम्ही नाही येणार?"

"मी आले तर ती सहल. तुम्ही गेलात तर कॅम्प. निघा."

मोगरा वेळेवर परतली. शेवंती नाही. आम्ही भाजीचे बटाटे सोलत बसलो होतो. खरेसाहेबांचा फोन आला. "सगळ्या आल्या?"

"येतील," म्हणून बाईंनी फोन ठेवला. त्यांच्या हातातला बटाटा सोलून सोलून लिंबाएवढा झाला होता. मी म्हणाले, "बाई, तुम्हाला पण भ्या वाटतं?"

"दरवेळी." त्यांनी टेकडीवरची नजर काढली नाही. "मी एकटी राहते ना, म्हणून लोकांना वाटतं, हिला वाट बघायची काय सवय. पस्तीस वर्षं दुसरं केलंय काय मी? पण पोरींना कळता कामा नये, सुमन. कळलं तर माझ्यासाठी थांबतील."

तेवढ्यात करवंदीच्या जाळीमागून दंगा ऐकू आला. शेवंती आली, ओरखडलेली, घामानं निथळलेली.

"उशीर का?"

"वाट चुकलो बाई," तन्वी म्हणाली. "मग भांडलो. मग जिथून चुकलो तिथपर्यंत मागं गेलो आणि परत आलो."

"हं. पाणी प्या." बाई वळल्या आणि कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिल्या. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आता तू."

"मी? बाई, मी एकेचाळीस वर्षांची..."

"पाय आहेत ना? डावीकडची वाट. दगड बघून पाय टाक."

मी गेले. एकटी. कधी बसून, कधी हात टेकून. सातवीत आमची सहल माहूरला जाणार होती, तिच्याआधीच माझं नाव शाळेतून काढलं होतं. देवळाशी पोचले तेव्हा छाती धडधडत होती, पण ती भीती नव्हती. खाली शेतं, रेल्वेचे रूळ, आणि वाडीच्या अंगणात एवढुशा पोरी पंगतीला बसलेल्या. एकच जण उभी होती, कपाळावर हात धरून, वर बघत.

उतरताना शेवटच्या वळणावर बाईंचा आवाज कानावर आला. फोन कानाला होता.

"नाही साहेब, अजून नाही. एक मुलगी वर आहे... सुमन... अहो, आडनाव, वर्ग काय विचारता, आमचीच आहे."

मी दिसले तरी त्यांनी फोन खाली घेतला नाही. माझ्या पायांकडं बघत राहिल्या, मी सपाटीला लागेपर्यंत.

"आली," त्या म्हणाल्या. "आता सगळ्या आल्या."