बर्फाच्या ट्रेमधले स्क्रू

गाडीच्या हीटरमधून गरम हवा येईनाशी झाली, तेव्हा मुद्रितशोधकाने बायकोला मोजे आणून दिले. पुढच्या आठवड्यात त्याहून जाड मोजे आणले. बायको इस्पितळात नर्स होती आणि रोज पहाटे त्याच्या जुन्या, दोन सीटच्या स्पोर्ट्‌स कारमधून कामावर जायची. एके दिवशी तिने दोन्ही जोड काढून त्याच्या हातात ठेवले.

"रविवारी भाऊ येतोय," ती म्हणाली. "तोवर माझ्या पायांना ऊब मिळाली, तर गाडी राहील. नाहीतर तो घेऊन जाईल."

भावाचं गाद्यांचं दुकान होतं. त्याला गाडी चालवायची नव्हतीच. छप्पर काढायचं, आत गादी अंथरायची आणि गाडी दुकानाच्या दारात कायमची उभी करायची, असा त्याचा बेत होता. ते चित्र डोळ्यांपुढे आलं की मुद्रितशोधक उठून गाडी पुसायला जाई.

गॅरेजवाल्याने कान लावून ऐकलं. "ब्लोअरची मोटर गेलीय, साहेब. हवा ढकलणारा पंखाच फिरत नाही. मोटर मिळेल, पण बसवायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि मला या महिन्यात सवड नाही."

म्हणून शनिवारी सकाळी मुद्रितशोधक नवी मोटर घेऊन स्वतःच गाडीत शिरला. लोकांच्या पुस्तकांतल्या चुका काढण्यात त्याची हयात गेली होती. आपल्या हातून चूक होऊ द्यायची नाही, हे त्याने पक्कं ठरवलं होतं. फ्रीजरमधला ट्रे आणून त्याने बर्फ मोरीत ओतला आणि निघेल तो स्क्रू, निघेल त्या क्रमाने, एकेका खणात ठेवला. सगळे स्क्रू एकाच तोंडावळ्याचे. फरक फक्त लांबीत, तोही नखाएवढा.

दुपारी तो डॅशबोर्डखाली उताणा पडला होता, पाय दाराबाहेर.

"अहो, झालं का?" बायकोने विचारलं.

कुणी बोललं की मान वर करून उत्तर द्यायचं, ही त्याची सवय. त्याने मान वर केली. कपाळ स्टीअरिंगच्या दांड्यावर आपटलं.

"बघू. टेंगूळ आलंय. बर्फ लावते."

"बर्फ नाहीये. मी ओतून टाकला."

"का?"

"ट्रे हवा होता."

बायकोने ट्रेकडे पाहिलं, त्याच्या कपाळाकडे पाहिलं आणि ट्रे उचलून घरात गेली. तो अंग सोडवून बाहेर येईपर्यंत ट्रे पाणी भरून फ्रीजरमध्ये गेला होता आणि स्क्रू एका वाटीत जमा झाले होते.

"एकही सांडला नाही," ती म्हणाली.

"सांडायचा प्रश्न नव्हता गं. क्रम होता."

"स्क्रूंना कसला क्रम? सगळे सारखेच तर दिसतात."

जुळवलेलं पान जमिनीवर पडून अक्षरं विखुरावीत, तसा तो वाटीकडे बघत राहिला.

मोटर मात्र नीट बसली. तारा जोडून बटण दाबताच पंखा गुरगुरू लागला. मग त्याने अंदाजाने स्क्रू लावायला घेतले. कोपऱ्यातला एक अर्धा सुखाने गेला, मग अडला. "माफ कर हं," असं पुटपुटत त्याने त्याला आणखी एक पीळ दिला.

रविवारी भाऊ मोजमापाची टेप घेऊन हजर झाला.

"दाजी, आत डबल गादी मावेल का हो?"

"आधी फेरी मारून येऊ," बायको म्हणाली आणि बाजूच्या सीटवर बसली. चालवायला भाऊ, आणि सीट दोनच, त्यामुळे गाडीचा मालक घराच्या पायरीवर राहिला.

गाडी कोपऱ्यापर्यंत गुपचूप गेली. इंजिन तापलं असावं, कुणीतरी हीटर लावला असावा. हॉर्न वाजू लागला आणि थांबेचना. मुद्रितशोधकाने कान झाकले. त्याने उभ्या जन्मात हॉर्न वाजवला नव्हता. कचऱ्याची गाडी पुढे असली तर तिच्यामागून तो निमूट सगळी गल्ली फिरायचा. आता त्याच्या गाडीचा हॉर्न बाजारातून पुलाकडे आणि पुलावरून परत बाजारात चालला होता. कोपऱ्यातला तो लांब स्क्रू मागच्या तारांत घुसून हीटरची तार हॉर्नच्या तारेला भिडवत होता, हे त्याला बसल्या जागी कळलं. मोटर चांगली, हीटर गरम, आणि एका स्क्रूपायी गाडी गादीखाली जाणार.

गाडी परतली तेव्हा भाऊ घामाघूम झाला होता.

"दाजी, हीटर चालू केला की हॉर्न वाजतो. बंद करतो म्हटलं, तर ताई हात लावू देईना. सिग्नलला लोकांनी माझ्या खानदानाची चौकशी केली."

"एकच स्क्रू बदलायचाय," मुद्रितशोधक घाईने म्हणाला. "आत्ता करतो."

बायको बूट हातात घेऊन खाली उतरली.

"पाय गरम झाले," ती म्हणाली. "आणि जाताना-येताना एक माणूस आडवा आला नाही. गाडी राहील."

"आणि हॉर्न?"

"त्याला हात लावू नका."

भावाने टेप गुंडाळली आणि तो चालत बसस्टॉपकडे निघाला.

थंडी संपली की हे संपेल, अशी मुद्रितशोधकाची समजूत होती. भर उन्हाळ्यात एकदा एक टेम्पो रस्ता अडवून रेंगाळत होता आणि तो त्याच्यामागे शांतपणे घाम पुसत बसला होता. बायकोचा हात हीटरच्या बटणाकडे गेला.

"अगं, एवढ्या उन्हात?"

"पाय गार पडलेत," ती म्हणाली.

टेम्पो बाजूला झाला, तेव्हा तिने हीटर बंद केला.