चार चाली एकदम

गणपतराव शेडगे बुद्धिबळाचा डाव एका चालीनं कधीच सुरू करत नसत. समोरच्यानं चष्मा पुसून डोळ्यांवर चढवेपर्यंत यांची तीन प्यादी आणि एक घोडा बाहेर पडून हवा खात उभे. मग हाताची घडी घालून म्हणत, "आता तुमच्या चार होऊ द्या."

त्यांच्या साताऱ्याकडच्या गावात डाव असाच मांडत. इंग्रज जाऊन सात-आठ वर्षं झाली, आणि पिंपरीतल्या आमच्या नव्या कारखान्याच्या क्लबात इंग्रजांचेच नियम आले. नियमांचं पुस्तक मी विकत आणलं, म्हणून चिटणीसही मीच झालो. एका वेळी एकच चाल, असं मी बजावलं, तर गणपतराव म्हणाले, "एवढ्या चिक्कूपणानं लढाई होती व्हय?"

पण खेळायचे असे की भले भले गार. स्पर्धा जिंकणारा कारखान्यातर्फे पुण्याला खेळणार होता, आणि गणपतरावांनी तिथं मिळवलेलं नाव माझ्या चिटणीसपदाला शोभलं असतं. म्हणून महिनाभर मी पहिल्या चालीनंतर त्यांचं मनगट धरून बसलो. माणूस सुधारला. अंतिम फेरीपर्यंत एकेक चाल करत सरळ पोचला.

अंतिम डाव प्रयोगशाळेच्या देसाईसाहेबांशी होता. गणपतराव बसले आणि शांतपणे चार चाली करून मोकळे झाले. मी डोळे वटारले, दोनदा ताकीद दिली. ते साहेबांना म्हणाले, तुम्हीपण चार करा की. शेवटी मला त्यांना बाद करावं लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या क्वार्टरवर जाऊन मी तोंडसुख घेतलं. त्यांनी सगळं ऐकलं, दार जरा ओढून घेतलं.

"आमची पोर गेली तवापासनं तिची आई कुणाशी बोलत न्हाई," ते हळूच म्हणाले. "पटावर बसली की तेवढं शह म्हणती. तुमच्या शिकवणीपायी मी घरी एकच चाल करून थांबलो. तिला वाटलं, मला आता तिच्यासंगं खेळायचंच न्हाई. आठ दिस पटाला शिवली न्हाई, राव. परत चार केल्या, तवा बसली. माझ्या हाताला दोन सवयी जमायच्या न्हाईत."

मला माझी आणि माझ्या पुस्तकाची लाज वाटली. काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात आतून बारीक आवाज आला, "शह."

गणपतराव मला दारातच सोडून लगबगीनं आत गेले.