निवांतपणी तापणारा फोन

सत्यशीलाबाईंचा नवा फोन पडून असला की तापायचा आणि कामाला लावला की गार पडून रखडायचा.

फोनने केव्हा जोरात धावावे आणि केव्हा दमाने घ्यावे, हे ठरवणारी प्रणाली त्यांचा मुलगा सलिल लिहीत असे. तिची नवी आवृत्ती त्याने चाचणीसाठी आईच्या फोनमध्ये घातली होती. आणि याच फोनवर आज कर्वेनगरातल्या स्वयंपाकघरातून बाईंचा उकडीच्या मोदकांचा पहिला ऑनलाइन वर्ग होता.

पारी झाली, सारण भरले, आणि नेमके कळ्या पाडताना चित्र थिजले.

"काकू, हात हलवा ना!" वर्गातली शेफाली फोनवरून म्हणाली.

"अगं, हलवतेच आहे!"

शेजारच्या श्यामलावहिनींनी लगेच उपाय सुचवला. "तापलाय म्हणून अडतोय. पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा."

"अडतो तेव्हा तो गार असतो, वहिनी," अनंतराव म्हणाले. बाईंचे हे यजमान पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक होते. घरात त्यांच्या निरीक्षणांना मान होता, अंमलबजावणी नव्हती. फोन फ्रिजमध्ये गेला.

बाहेर काढल्यावर कॅमेऱ्याच्या भिंगावर दव धरले.

"वाफ आली, काकूंचे उकडलेसुद्धा!" असे म्हणत शेफालीसह साऱ्या शिष्यांनी आपापले बिनकळ्यांचे गोळे मोदकपात्रात ठेवून दिले.

बाई पाटावर बसल्या. "गेला माझा वर्ग. या पोरी गावभर सांगतील, काकूंनी गोळे शिकवले."

अनंतरावांनी सलिलला हाक मारली.

"बाबा, लॅबमध्ये सगळं पास झालंय."

"लॅबमध्ये तुमचा फोन झोपतो कधी?"

"नाही. चोवीस तास कामावर असतो."

"घरी झोपतो. काम किती आहे, हे त्याला कोण सांगतं?"

"फोनचा पडदा उघडला किंवा मिटला की मोजतो. पण मोजायला वेळ लागतो, म्हणून मागचं उत्तर साठवून ठेवलंय. तेच आधी देतो."

"आणि नवं?"

"त्यानंतर मोजून साठव..." सलिल थांबला.

"दारात पाहुणे आलेले असताना तू कालचा पेपर वाचून सांगतोस, घरी कुणी नाही म्हणून," बाई म्हणाल्या. "दुरुस्त कर. मी पीठ मळते."

सलिलने दोन ओळींची जागा बदलली. वर्ग पुन्हा कळ्यांपासून सुरू झाला. गोळे मात्र शिष्यांना तूप घालून खावे लागले.

कारण एवढेच होते: साठवलेले उत्तर ताजे करण्याआधी वापरले जात होते. त्यामुळे जागा झालेला फोन झोपेतल्या गतीने चाले आणि झोपलेला जागेपणीच्या गतीने. प्रयोगशाळेत काम कधी थांबतच नसे, म्हणून तिथे शिळे उत्तरही बरोबर ठरे.